इमारत शेवटी, वस्ती आधी: शिकागोच्या साउथ साइडवर कृष्णवर्णीयांच्या मालकीची रिअल इस्टेट कंपनी कशी उभी करावी

शिकागोच्या साउथ साइडवर, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्तीच्या भागात, घरांच्या धंद्यात उतरणारा नवखा माणूस बहुतेक वेळा आधी विचारतो, "पहिली इमारत कुठली घेऊ?" इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. इमारत शेवटी घ्यायची. आधी दुसऱ्यांच्या इमारती सांभाळून दाखवायच्या, दुसऱ्यांना त्यांची घरं मिळवून द्यायची आणि मिळालेली टिकवून द्यायची. एवढं जमलं की बँक तुमच्याशी नीट बोलायला लागते.

मी या भागातल्या लहान रिअल इस्टेट कार्यालयांचे हिशेब पाहतो. त्यातली बरीच कृष्णवर्णीय मालकांची आहेत. अशा कंपनीत भागीदार, एजंट किंवा हिशेबनीस म्हणून शिरू पाहणारी मराठी मंडळी आता भेटू लागली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कृष्णवर्णीय भागीदारांसाठी आहे. आपल्याकडे बसून "आपल्या वस्तीसाठी आपली कंपनी" असा विचार करणाऱ्यालाही यातला क्रम उपयोगी पडेल. नियम मात्र इलिनॉय राज्याचे आणि शिकागो शहराचे आहेत. दुसऱ्या राज्यात ते वेगळे असतात.

आधी तीन जुनी खाती वाचा

या धंद्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बोधकथेसारखा नाही, ताळेबंदासारखा वाचावा.

फिलिप पेटन यांनी १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ॲफ्रो-अमेरिकन रिअल्टी कंपनी काढली. अधिकृत भांडवल ५ लाख डॉलर, शेअर १० डॉलरचा, म्हणजे मोलमजुरी करणाऱ्यालाही परवडावा असा. गोरे घरमालक ज्यांना दारात उभे करत नव्हते त्यांना या कंपनीने घरं दिली. भाडेकरूंची कमतरता कधीच नव्हती. पण इमारती भाडेपट्ट्याने आणि कर्जाने भराभर घेतल्या गेल्या, माहितीपत्रकातल्या फुगवलेल्या दाव्यांवरून भागधारक कोर्टात गेले, त्यात १९०७ ची मंदी आली. १९०८ मध्ये कारभार आटोपला. हार्लेम कृष्णवर्णीयांचं झालं ते झालंच, कंपनी तेवढी राहिली नाही.

शिकागोत जेसी बिंगा यांनी १९०८ मध्ये खासगी बँक सुरू केली आणि १९२१ मध्ये तिला राज्याची सनद मिळवली. मूळ धंदा घरांचा. कृष्णवर्णीय कुटुंबांना गोऱ्यांच्या वस्तीत घरं दिली म्हणून त्यांच्या स्वतःच्या घरावर पुन्हापुन्हा बॉम्ब पडले, तरी ते हलले नाहीत. त्यांना बुडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. ठेवी वस्तीतल्या लोकांच्या आणि कर्जं बहुतांशी त्याच वस्तीतल्या घरांवर. महामंदीत लोक ठेवी मागायला आले तेव्हा घरं विकली जाईनात. १९३० च्या जुलैत बँक बंद पडली.

तिसरं खातं कार्ल हॅन्सबेरी यांचं. १९३७ मध्ये त्यांनी वुडलॉन भागात, कृष्णवर्णीयांना विक्री करायला करारानेच बंदी असलेल्या ठिकाणी घर घेतलं आणि १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला. पण त्यांचा पैसा आला कुठून? मोठे फ्लॅट एकेका खोलीच्या घरांत विभागून, सगळ्यांना मिळून एक न्हाणीघर ठेवून, चढ्या भाड्याने दिलेल्या 'किचनेट'मधून. कोंडलेल्या वस्तीला दुसरीकडे जाता येत नव्हतं म्हणून ते भाडं वसूल होत होतं. मालक कृष्णवर्णीय आहे एवढ्यावरून कंपनी वस्तीची होत नाही, हे नव्या माणसाने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावं. भागीदारी करारात लिहून ठेवता आलं तर फारच छान: आम्ही कुठल्या प्रकारचा पैसा कमावणार नाही.

परवाना

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. दुसऱ्याचं घर विकणं, भाड्याने देणं किंवा मोबदला घेऊन सांभाळणं यासाठी इलिनॉयमध्ये परवाना लागतो. स्वतःच्या मालकीचं घर सांभाळायला लागत नाही. सर्वात छोटी पायरी निवासी भाडेपट्टा एजंटची, १५ तासांच्या अभ्यासक्रमाची. त्यानंतर ब्रोकर. इलिनॉयमध्ये ब्रोकर म्हणजे सुरुवातीचाच परवाना: ७५ तासांचं शिक्षण, परीक्षा आणि एका मॅनेजिंग ब्रोकरच्या, म्हणजे कार्यालयाची जबाबदारी घेणाऱ्या वरिष्ठ ब्रोकरच्या, हाताखाली नोंद. स्वतःचं कार्यालय उघडायचं तर कोणीतरी मॅनेजिंग ब्रोकर हवा आणि त्यासाठी आधीच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं प्रत्यक्ष काम केलेलं असावं लागतं. कंपनीला स्वतःचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. कोणाच्या नावावर किती हिस्सा चालतो यावरही बंधनं आहेत, तेवढं वकिलाकडून तपासून घ्या.

या दोन वर्षांचा कंटाळा करू नका. साउथ साइडवर जुनी कृष्णवर्णीय कार्यालयं आहेत, त्यांच्यापैकी एकाकडे काम करा. डिअरबॉर्न रिअल्टिस्ट बोर्ड ही स्थानिक संघटना १९४१ पासून आहे. गोऱ्यांच्या संघटना सदस्यत्व देत नव्हत्या तेव्हा कृष्णवर्णीय दलालांनी १९४७ मध्ये देशपातळीवर स्वतःची संघटना उभारली आणि 'रिअल्टिस्ट' हे नाव घेतलं. तिथल्या बैठकांना जा, मागच्या खुर्चीत बसा आणि ऐका. कुठला ठेकेदार अर्धवट काम सोडून पळतो आणि कुठला बॉयलरवाला रविवारी येतो, हे ज्ञान कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

कंपनी एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) म्हणून नोंदवायला राज्याची फी १५० डॉलर आहे आणि करक्रमांक केंद्र सरकार फुकट देतं. तो काढून देतो म्हणून पैसे मागणारे पुष्कळ भेटतील. त्यांना नमस्कार करा.

रंग पाहून गिऱ्हाईक निवडता येत नाही

"आम्ही आमच्या लोकांना घरं देणार" हे वाक्य मनात ठेवा, जाहिरातीत मुळीच लिहू नका. ११ एप्रिल १९६८ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याने, फेअर हाउसिंग ॲक्टवर सही झाली. वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारणं बेकायदा ठरलं. पुढे १९७४ मध्ये लिंग आणि १९८८ मध्ये अपंगत्व आणि मुलंबाळं असणं यांची भर पडली. हा कायदा कृष्णवर्णीय मालकालाही तितकाच लागू आहे. त्यामुळे कंपनीने सेवेसाठी जागा निवडायची: चॅटम, साउथ शोअर, एंगलवुड, ऑबर्न ग्रेशम. तिथे कार्यालय, तिथले कामगार, तिथल्या चर्चच्या तळघरातल्या बैठका. दारात आलेला माणूस कोणीही असो, त्याला तेच अर्ज आणि तेच निकष.

दुसरा सापळा बोलण्याचा. नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या उपनगरात घर शोधणारा मराठी माणूस एजंटला हमखास विचारतो, "एरिया कसा आहे? आपले लोक आहेत का?" याचं उत्तर एजंटने द्यायचं नसतं. वंश किंवा धर्म पाहून गिऱ्हाइकाला एखाद्या भागाकडे ढकलणं किंवा तिथून वळवणं बेकायदा आहे आणि ते बऱ्याचदा अशा गोड प्रश्नाच्या उत्तरातूनच घडतं. शाळांचे निकाल आणि पोलिसांची आकडेवारी कुठे मिळते ते सांगा, वाचू द्या त्यांना. मुंबईत "फक्त शाकाहारी" म्हणत घर नाकारलेलं ज्याने पाहिलं आहे, त्याला हा कायदा कशासाठी आहे ते वेगळं समजवावं लागत नाही.

शिकागोत आणखी एक नियम नवख्यांना माहीत नसतो. भाडेकरूचा पैसा कुठून येतो यावरूनही घर नाकारता येत नाही. सरकारी भाडे-व्हाउचर घेऊन आलेल्या बाईला "आम्ही व्हाउचर घेत नाही" म्हणणं इथे भेदभाव ठरतं. २०२३ पासून सगळ्या राज्यात. धंद्याच्या दृष्टीनेही व्हाउचर वाईट नाही. तपासणी होईपर्यंत आणि पहिला हप्ता येईपर्यंत वेळ लागतो, पण पुढे भाड्याचा मोठा भाग थेट गृहनिर्माण प्राधिकरणाकडून येतो.

पोट भरतं ते व्यवस्थापनावर

समजा तुम्ही लहान घरमालकांची मिळून ४० घरं सांभाळता, सरासरी भाडं १,२०० डॉलर आणि तुमचा मोबदला ८ टक्के. महिन्याला ३,८४० डॉलर. फार नाहीत. पण विक्री झाली काय, नाही झाली काय, हे येतात. विक्रीचं कमिशन मोठं असतं आणि लहरी असतं. त्यावर कार्यालयाचं भाडं ठरवू नये.

साउथ साइडवरचे घरमालक म्हणजे कोणी धनदांडगे नव्हेत. वडिलांनी घेतलेल्या दगडी ग्रेस्टोन इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी निवृत्त शिक्षिका, असं चित्र डोळ्यापुढे आणा. ती स्वतः भाडं मागायला कचरते, दुरुस्ती पुढे ढकलते, मग कोणीतरी कवडीमोल भावात इमारत मागायला येतो. तिची इमारत नीट चालवून दिली की मालकी वस्तीतच राहते. माझ्या मते हीच या धंद्यातली सर्वात मोठी समाजसेवा, आणि तिची पावती दरमहा फाडता येते.

आता हे काम जवळून कसं दिसतं ते पाहा. जानेवारीची रात्र, बाहेर उणे वीस सेल्सिअस, दुसऱ्या मजल्यावरून फोन येतो की रेडिएटर गार पडलाय. शहराचा नियम असा: १५ सप्टेंबर ते १ जूनपर्यंत घरात दिवसा ६८ आणि रात्री ६६ अंश फॅरेनहाइट उष्णता मिळालीच पाहिजे. सकाळी बघू, हे उत्तर चालत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या आधी प्रत्येक बॉयलर उघडून तपासायचा, रेडिएटरमधली हवा काढायची, दोन मिस्त्रींचे रात्रीचे नंबर भिंतीवर लावायचे. ज्या कार्यालयाचा फोन रात्री उचलला जातो, त्याला जाहिरातीवर फारसा खर्च करावा लागत नाही.

अनामत रकमेचं प्रकरण याहून नाजूक. शिकागोचा १९८६ चा घरमालक-भाडेकरू वटहुकूम सांगतो: अनामत घेतली की पावती द्या, ती इलिनॉयमधल्या वेगळ्या व्याजी खात्यात ठेवा, दरवर्षी व्याज द्या. व्याजाचा दर गेली अनेक वर्षं ०.०१ टक्के आहे. १,२०० डॉलरवर वर्षाचे १२ सेंट. हे १२ सेंट द्यायचे राहिले म्हणून भाडेकरू अनामतीच्या दुप्पट भरपाई आणि वकिलाचा खर्च मागू शकतो. म्हणूनच इथले बरेच मालक अनामत घेतच नाहीत, परत न मिळणारं प्रवेश-शुल्क घेतात. मालक स्वतः राहतो अशा सहा किंवा कमी घरांच्या इमारतींना या वटहुकुमातून सूट आहे, पण सवय एकच ठेवा.

आणि गिऱ्हाइकाचा पैसा कंपनीच्या पैशात कधी, एका दिवसासाठीही, मिसळायचा नाही. पगार द्यायला तूट आली, उद्या भाडी येणारच आहेत, तेवढ्यापुरते उचलतो, असं म्हणत ट्रस्ट खात्याला, म्हणजे गिऱ्हाइकांचा पैसा वेगळा ठेवायच्या खात्याला, हात लागतो आणि परवाना जातो. मी ज्या कार्यालयाचं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतो, तिथे आधी हेच पान उघडतो.

थकलेल्या भाड्याबद्दल एवढंच: कुलूप बदलून भाडेकरूला बाहेर काढणं बेकायदा आहे. पाच तारखेला फोन, दहा तारखेला समोर बसून हप्ते, त्यानंतर नोटीस. कोर्टात निकाल लागेपर्यंत जेवढं भाडं बुडतं, त्याहून समोर बसून ठरवलेले हप्ते जवळपास नेहमीच स्वस्त पडतात.

भाडेकरूला मालक करणं

देशात गोऱ्यांची सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात. कृष्णवर्णीयांची निम्मीही नाहीत. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने केलेल्या नकाशांत या वस्त्या कर्जाला धोक्याच्या म्हणून लाल रंगवल्या गेल्या आणि सरकारी हमीची कर्जं त्यांना टाळून गेली. मग पन्नास-साठच्या दशकांत सट्टेबाजांनी शिकागोच्या लॉन्डेलसारख्या भागात हप्त्याच्या करारावर घरं विकली. कागद शेवटच्या हप्त्यापर्यंत विक्रेत्याच्या नावावर, एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. १९६८ मध्ये तिथल्या खरेदीदारांनी संघ करून लढा दिला. असे करार आजही नव्या नावांनी फिरतात. तुमच्या कार्यालयात ते विकू नका, आणि कोणी सही करायला निघाला असेल तर आधी वकिलाकडे पाठवा.

शिकागोचं खास घर म्हणजे टू-फ्लॅट: खाली एक घर, वर एक घर. पहिल्यांदा घर घेणाऱ्यासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही. ३ लाख डॉलरचं टू-फ्लॅट एफएचए (केंद्र सरकारच्या हमीच्या) कर्जावर घेतलं आणि स्वतः त्यात राहिलं तर ३.५ टक्के, म्हणजे १०,५०० डॉलर हातचे लागतात; त्यासाठी क्रेडिट स्कोअर किमान ५८० हवा. व्यवहाराचा खर्च निराळा. वरच्या मजल्याचं भाडं १,३०० असेल तर त्यातला ७५ टक्के भाग, ९७५ डॉलर, कर्ज देणारा उत्पन्नात धरू शकतो. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की लोकांचे डोळे चमकतात, आणि त्याच बैठकीत छताच्या दुरुस्तीचा अंदाजही दाखवा.

गिऱ्हाइकाला घर दाखवायच्या आधी सरकारमान्य गृहसमुपदेशकाकडे पाठवा. नेबरहूड हाउसिंग सर्व्हिसेस ऑफ शिकागो ही संस्था १९७५ पासून हे काम करते. स्कोअर सुधारायला सहा महिने लागले तर लागू द्या. ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो; त्यात तुमचं कमिशन किती आणि ते कोण देणार, हे वाचून दाखवा. कर्ज देणाऱ्याकडून गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल पाकीट घेणं १९७४ पासून बेकायदा आहे, मग ते पाकीट जेवणाच्या निमंत्रणाच्या रूपात का येईना.

कर्जासाठी घराची किंमत ठरवली जाते त्या मूल्यांकनाचा दिवस सांभाळा. ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात, घर आणि परिसर सारख्याच दर्जाचे धरूनही, कृष्णवर्णीय बहुसंख्य वस्त्यांतल्या घरांचं मूल्य सरासरी २३ टक्के कमी निघालं. मूल्यांकन करणारा येईल तेव्हा एजंटने हजर राहावं, हातात फाइल असावी: जवळपासच्या अलीकडच्या विक्री, नवं छत आणि नवी वायरिंग यांच्या पावत्या आणि परवाने. आकडा कमी आलाच तर फेरविचाराचा लेखी अर्ज करता येतो. पुष्कळ लोक तो करतच नाहीत.

आता पैसा

बँकेकडे जाताना दोन वर्षांची स्वच्छ पुस्तकं न्या. मोठ्या बँकेने नाही म्हटलं तर इथे लहान इमारतींसाठीच बनलेल्या संस्था आहेत. कम्युनिटी इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन भाड्याच्या इमारती घ्यायला आणि दुरुस्त करायला कर्ज देते आणि घरमालकांसाठी व्यवस्थापनाचे वर्गही घेते. कर्ज नको असलं तरी वर्ग करा. शिकागो कम्युनिटी लोन फंड ही अशीच दुसरी कर्ज देणारी संस्था आहे. शहराच्या ताब्यातले रिकामे भूखंड ची-ब्लॉक-बिल्डर या संकेतस्थळावर अर्ज करून मिळतात, मात्र भूखंड स्वस्त मिळाला म्हणून बांधकाम स्वस्त होत नाही.

वस्तीतल्या लोकांकडून भांडवल गोळा करायची कल्पना आजही पेटन यांच्या काळाइतकीच मोहात पाडते. आता तिला कायद्याचा रस्ता आहे: नोंदणीकृत ऑनलाइन मंचामार्फत बारा महिन्यांत ५० लाख डॉलरपर्यंत उभे करता येतात. तो रस्ता सोडून चर्चबाहेर शेअर विकू नका. आणि सगळं कर्ज एकाच गल्लीत घालू नका.

मराठी भागीदारांसाठी एक सूचना. शहराची कामं मिळवताना उपयोगी पडणारं अल्पसंख्याक-मालकीचं प्रमाणपत्र हवं असेल तर ५१ टक्के मालकी आणि खरा ताबा दोन्ही अल्पसंख्याक मालकाकडे लागतात. या प्रमाणपत्रासाठी भारतीयही अल्पसंख्याकांत येतात. पण कंपनी कृष्णवर्णीयांच्या मालकीची म्हणवायची, नावाला एक कृष्णवर्णीय भागीदार ठेवायचा आणि सह्या आपण करायच्या, हा उद्योग फसवणूक आहे. चेकवर सही कोणाची आणि माणसं नेमतो कोण, हे तपासणीत विचारलं जातं.

घर नावावर आहे का?

शेवटचं काम फुकट करायचं, आणि त्यानेच माणसं टिकतात. शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्या कुक काउंटीत दर तीन वर्षांनी करासाठी मालमत्तेचं फेरमूल्यांकन होतं. नोटीस आली की अपिलाची मुदत थोडी असते. आपल्या यादीतल्या प्रत्येक मालकाला त्या आठवड्यात फोन गेला पाहिजे. स्वतः राहणाऱ्याला आणि ज्येष्ठांना करात सवलत असते, राहून गेली असेल तर मागच्या वर्षांचीही दुरुस्ती मागता येते. कर थकला की काउंटी त्याचा लिलाव करते आणि काही शे डॉलरच्या बाकीतून घर जायची वेळ येते.

यातली बरीच घरं आजीच्याच नावावर राहिलेली असतात. आजी जाऊन दहा वर्षं झाली, वारस चार राज्यांत विखुरलेले, सातबाऱ्यावर वारसनोंद राहून गेलेल्या शेतासारखी गत. अशा घरावर कर्ज मिळत नाही आणि मृताच्या नावाने चालू राहिलेली सवलत काउंटी व्याजासकट परत मागते. इलिनॉयमध्ये जिवंतपणीच वारसाचं नाव लिहून नोंदवायचा साधा दस्त आहे. मृत्यूनंतर घर थेट त्याच्या नावावर जातं, प्रोबेट, म्हणजे कोर्टातून वारसा ठरवून घ्यायची प्रक्रिया, लागत नाही. वकिलाची फी माफक असते. वर्षातून एकदा वकील बोलावून कार्यालयात असे दस्त करायचा दिवस ठेवा, शनिवारी, कारण बाकीच्या दिवशी लोक कामावर असतात. येताना ओळखपत्र आणि घराच्या मूळ दस्ताची प्रत आणायला सांगा. मूळ दस्त सापडत नसेल तर काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून नक्कल आधीच काढून ठेवा.